बुधवारची मोजणी

आमच्या आत्याला मी तीनदा समजावून सांगितलं की नगररचना म्हणजे नक्की काय असतं. तिन्ही वेळा तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, मग आमच्या मजल्यावर पाणी का चढत नाही? तेव्हापासून आत्या माझ्या पदवीला 'ते तिचं नकाशांचं' म्हणते, आणि दोन वर्षं घरी बसल्यावर मलाही त्याहून बरं नाव सुचत नव्हतं.

दोन वर्षांत एकेचाळीस अर्ज केले. अभियंते म्हणायचे, तुम्ही अभियंता नाही. इमारतींचे आराखडे करणारे म्हणायचे, तुम्हाला साधा जिना काढता येतो का? सरकारी जाहिरातीत 'स्थापत्य पदवी किंवा समकक्ष' असं असायचं, आणि आमची पदवी समकक्ष आहे की नाही हे ज्या माणसाने सांगायचं तो कायम रजेवर. धड ना इकडची, धड ना तिकडची, अशी माझी गत. मुलाखतींना नेऊन नेऊन प्रमाणपत्रांच्या फाइलचा कोपरा झिजला होता. शेजारच्या काकू आल्या की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. आईने विचारणं बंद केलं होतं, आणि ती विचारायची तेव्हा जेवढं लागायचं त्याहून ते न विचारणं जास्त लागत होतं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा तो हा, की आता हा एवढा मोठा दिवस कुठे ठेवायचा?

त्यामुळे एका खासगी कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा मी काहीही कबूल करायला तयार होते. फरशांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ती कचेरी. सात माणसं, चार खिडक्या, त्यांतल्या दोन उघडणाऱ्या. पालिकेला रस्त्यांचे, चौकांचे अहवाल करून द्यायचे हा धंदा. सहा महिने उमेदवारी, उमेदवार दोन आणि खुर्ची एक, हे तिथल्या मालकांनी, म्हणजे सरांनी, पहिल्याच दिवशी दोघांना समोर उभं करून सांगितलं. दुसरा उमेदवार माझ्याच वयाचा. तो कशाचंही उत्तर तक्त्यात द्यायचा, म्हणून सगळे त्याला तक्ताच म्हणायचे. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आम्हाला काम मिळालं मोजणीचं. शहराच्या मोठ्या रस्त्यावरचे सतरा चौक आणि ओलांडायच्या जागा; प्रत्येक ठिकाणी सकाळी सातपासून संध्याकाळी आठपर्यंत उभं राहून किती गाड्या गेल्या, किती माणसांनी रस्ता ओलांडला ते मोजायचं. छापील कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने असतात. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, की झाला एक गठ्ठा. पाच वर्षं विद्यापीठात शहराच्या भविष्यावर निबंध लिहिले आणि नोकरीत येऊन रेघा मारायला लागले. पण पदरी पडलं आणि पवित्र झालं, अशी मनाची समजूत घातली होती.

या धंद्यात 'टेबलावरची मोजणी' नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे दोन तास मोजायचं, मग हॉटेलात बसून उरलेला दिवस अंदाजाने भरायचा. जुने लोक ते बेमालूम करतात. आकड्यांत थोडी चढउतारही घालतात. मी ते एकदाही केलं नाही. मला ती खुर्ची हवी होती आणि खरं काम करून हवी होती. माझ्या नऊ जागांवर मी तेरा-तेरा तास उभी राहिले, टाचा सुजल्या, एका चौकात चक्कर येऊन खालीही बसले, पण रेघ चुकवली नाही.

त्या नऊंतली एक जागा म्हणजे कपडे शिवण्याच्या मोठ्या कारखान्यासमोरचा कट. रस्त्याच्या मधल्या दुभाजकात माणसांना जायला सोडलेली मोकळी जागा, तिला आम्ही कट म्हणतो. पालिकेला तो बंद करायचा होता, कारण तिथे गाड्यांचा वेग तुटत होता. मात्र त्यांचाच नियम होता की दिवसातल्या गर्दीच्या तासाला दोनशेहून जास्त माणसं ओलांडत असतील तर कट ठेवायचा, त्यावर दिवा लावायचा. कमी असतील तर बंद, आणि लोकांनी पुढच्या सिग्नलवरून जायचं. पुढचा सिग्नल चालत दहा मिनिटांवर.

मोजणीचा दिवस मीच ठरवला. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं: सोमवार नको, शनिवार नको, सुट्टीच्या मागचा-पुढचा दिवस नको; नेहमीचा कामाचा दिवस हवा असेल तर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या. मी बरोबर मधला बुधवार घेतला. दिवसभर उभी राहिले. कारखान्याचं फाटक बंद होतं. मला वाटलं, सगळे सातच्या आधीच आत गेलेत आणि आठनंतर सुटत असतील. फाटकावरच्या पहारेकऱ्याने दुपारी मला बसायला स्टूल दिलं आणि प्यायला पाणी दिलं. त्याच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. एक साधा प्रश्न तेवढा विचारला नाही.

गर्दीच्या तासाला अडतीस माणसं, असा आकडा आला. तो अहवालात गेला, त्यावरून 'कट बंद करावा' ही शिफारस गेली, आणि सरांनी सगळ्यांसमोर माझे कागद वर धरून म्हटलं की मोजणी अशी स्वच्छ पाहिजे. त्या संध्याकाळी मी घरी चालत नाही, उडत गेले.

शुक्रवारी पालिकेत अहवाल सादर व्हायचा होता आणि सोमवारी खुर्चीचा निकाल. मंगळवारी जेवताना मी बाबांना नकाशा दाखवला. बाबांनी तीस वर्षं याच रस्त्यावर शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यापासून त्यांना रस्त्याबद्दल कुणी काही विचारत नाही, म्हणून मी मुद्दाम ताटाशेजारी नकाशा पसरला आणि एकेका जागेवर बोट ठेवून सांगत गेले. कारखान्याच्या कटावर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "इथे कधी मोजलंस?"

"बुधवारी," मी म्हटलं.

"बुधवारी काय मोजलंस? बुधवारी तिथे सुट्टी. विजेच्या पाळीने सुट्टीचे वार ठरलेत ना त्यांचे. पलीकडच्या वसाहतीला सोमवार, यांना बुधवार. आम्ही बुधवारी त्या स्टॉपवर गाडी हळूसुद्धा करत नसू." एवढं बोलून त्यांनी आईकडे आणखी भात मागितला.

मी नकाशावरचं बोट उचललं. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते पुढे सांगत होते की इतर दिवशी संध्याकाळी सहा वाजता तिथे एवढ्या बायका असतात की आधी हॉर्न वाजवून मग ब्रेक दाबला तरी उशीर होतो. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्यात काय एवढं? परत मोज." त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तर मागे घ्यायची, एवढंच त्यांना माहीत.

गुरुवारी मी कचेरीतून लवकर निघाले आणि सहाच्या आत कटापाशी जाऊन उभी राहिले. भोंगा झाला. फाटक उघडलं आणि बायका बाहेर आल्या. मी रेघा मारायला लागले, पण हात पुरेना. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी, आणि तेवढ्यात दहा जणी निघून गेलेल्या असायच्या. शेवटी दहादहाच्या घोळक्याला एक रेघ मारली. पंधरा मिनिटांत सहाशे चाळीस. कागदावरचा रकाना भरून रेघा समासात गेल्या. समासात रेघा जाण्याइतकं मी तेव्हापर्यंत कधी मोजलं नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात, पण मी ज्या भांड्यातून शीत उचललं त्यात त्या दिवशी भातच नव्हता.

शुक्रवारी सकाळी सर यायच्या आधी मी त्यांच्या खोलीबाहेर उभी होते. रात्रभर पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं आणि समासात रेघा गेलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते खुर्चीत मागे टेकले आणि समासातल्या रेघा बोटाने मोजायला लागले. त्यांनाही मुलगी आहे, ती काय शिकते कुणास ठाऊक, असा काहीतरी विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. एक जागा चुकली म्हटलं की पालिका उरलेल्या सोळांवर संशय घेईल. त्या सोळांपैकी किती टेबलावर मोजल्या गेल्या हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सगळं काम परत करायला लावतील, मुदत संपेल, पुढचं काम दुसऱ्या कुणाला जाईल, आणि खाली फरशांच्या दुकानात विचारायला लागेल की आमच्या सात जणांना काही काम आहे का. हे सगळं ते आवाज न चढवता बोलले.

"मी तुला खोटं बोल म्हणत नाही," शेवटी ते म्हणाले. "अडतीस हा आकडा खराच आहे, तूच मोजलास. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगू नकोस. विचारलं, तर तुझं तू ठरव. पण बोललीस तर मग मी तुला ठेवू शकणार नाही, हे आत्ताच सांगतो. नंतर म्हणू नकोस की सर गोड बोलले आणि फसवलं."

मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि थेट जिन्यात जाऊन बसले. मला सहाशे चाळीस बायका दिसत नव्हत्या. मला ते न्हाणीघर दिसत होतं आणि तो सोडून ठेवलेला नळ. खरं सांगते, मी देवाकडे एवढंच मागितलं की कुणी विचारू नये. शिकत असताना मी निबंधात लिहिलं होतं की पादचारी हा शहराचा पहिला नागरिक आहे. बक्षीसही मिळालं होतं त्याला.

दुपारी पालिकेच्या सभेच्या खोलीत लांब टेबलाभोवती अकरा माणसं होती. सर पडद्यावर एकेक जागा दाखवत गेले. माना डोलत होत्या, बिस्किटं फिरत होती. कारखान्याचा कट आला, गेला, आणि पुढची जागा पडद्यावर यायच्या बेतात असताना वाहतूक विभागाचे अभियंते म्हणाले, जरा मागे घ्या. ते निवृत्तीला टेकलेले होते आणि तोपर्यंत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं होतं झोपले असतील.

"अडतीसच?" त्यांनी विचारलं. "तिथे कारखाना आहे ना? ही मोजणी कुणी केली?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढं तरी त्यांनी माझ्यासाठी केलं. तक्त्याने मात्र बघितलं. तो काही जाणत नव्हता, नुसता बघत होता, की आता ही काय उत्तर देते आणि ते आपल्याला जमलं असतं का. मी उभी राहिले. माझ्या पिशवीत तो समासात रेघा गेलेला कागद होता, घडी घालून ठेवलेला. पिशवी माझ्या पायाशी होती आणि वाकलं की हाताला येईल इतकी जवळ होती.

"मीच केली," मी म्हटलं. "पुस्तकात सांगितलेल्या दिवशीच मोजलंय. तेरा तास सलग."

"तुम्ही स्वतः उभ्या होता?"

"हो सर. स्वतः."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या आवाजात खोटं काहीच नव्हतं, कारण तेरा तास मी खरंच उभी होते, त्याच्या खुणा अजून टाचांवर होत्या. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "हल्ली उभं कोण राहतं." आणि पुढची जागा पडद्यावर आली. मी खाली बसले आणि पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

सोमवारी मला नेमणुकीचं पत्र मिळालं. तक्त्याने हात मिळवला आणि त्याच्या खणातल्या वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या. जाताना म्हणाला, माझ्यापेक्षा तूच योग्य होतीस, तू खरंच मोजायचीस. मी म्हटलं, खोकं खालून फाटेल, तळाला हात लाव.

घरी आनंदाचं भरतं आलं. आईने आधी पत्र वाचलं, मग आत्याला फोनवर वाचून दाखवलं, मग शेजारच्या काकूंना उगाचच साखर मागायला गेली आणि तिथेही वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून सरांच्या सहीवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "ते परत मोजलंस का मग?" मी हो म्हटलं. तेही खोटं नव्हतं. त्या आठवड्यात मी एकही खोटं वाक्य बोलले नाही. एवढं सगळं खरं बोलूनही माणसाला स्वतःची किळस येऊ शकते, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

कट बंद व्हायला पाच आठवडे लागले. मला रोज वाटायचं की काहीतरी आडवं येईल. निधी संपेल, कुणी अर्ज करेल, कारखान्याचे मालक ओरडतील. दोनदा मी त्या अभियंत्यांना पत्र लिहायला बसले. पहिल्या पत्रात तारीख लिहिली, दुसऱ्यात 'माननीय महोदय' इथपर्यंत पोचले. कळत होतं, वळत नव्हतं. कचेरीत त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे; अळीमिळी गुपचिळी. सर माझ्याशी पूर्वीपेक्षा नीट वागायला लागले होते, आणि ते मला सहन होत नव्हतं.

एके दिवशी बाबा कुणाला तरी भेटून बसने परत आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. चार घास झाल्यावर म्हणाले, "कारखान्यासमोरचा कट बंद केला म्हणे."

"हो," मी म्हटलं.

"कुणी केला?"

"पालिकेने."

बाबांनी मान हलवली आणि जेवत राहिले. त्यांनी काही विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. पण त्यांनी आईला फक्त पाणी मागितलं, आणि त्यानंतर पुन्हा माझ्याजवळ कधी रस्त्याचा विषय काढला नाही. तीस वर्षं त्या रस्त्यावरून गेलेला माणूस. तो समजून चुकला होता, आणि पोरीचा पगार त्याच्याही घरात येत होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. कचेरी सुटल्यावर माझी पावलं आपोआप तिकडे वळली. गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायचंही भान राहिलं नाही. जिथे कट होता तिथे आता कमरेएवढ्या उंचीचे सिमेंटचे ठोकळे एकाला एक लावून बसवले होते. नवे, पांढरे. मी गाड्या चुकवत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दुभाजकाच्या अरुंद पट्टीवर उभी राहिले. मला काय करायचं होतं ते मला माहीत नव्हतं. बघायचं होतं, एवढंच.

भोंगा झाला. फाटक उघडलं. दहा मिनिटं चालून सिग्नलला वळसा घालायला कुणी गेलं नाही. दिवसभर मशिनवर बसलेल्या बायका त्या, घरी पोरं वाट बघत असणार, कोण जाईल? पहिली तुकडी अर्धा रस्ता ओलांडून ठोकळ्यांपाशी आली आणि चढायला लागली. पलीकडच्या बाजूला गाड्या पूर्ण वेगात होत्या. कट बंद केल्यामुळे आता त्यांना थांबायचं काही कारण नव्हतं; अहवालात लिहिल्याप्रमाणे वेग खरोखरच सुधारला होता.

एका बाईने माझ्या हातात डबा दिला. "धर गं जरा." मी धरला. ती वर चढली, पलीकडे उतरली, डबा घेऊन गाड्यांतून पळत सुटली. तेवढ्यात दुसरीने पिशवी दिली, तिसरीने चपला. मी घेत होते आणि देत होते. कुणाचा दंड धरत होते, कुणाच्या पाठीला हात लावत होते. थांबा, चढू नका, असं मला ओरडायचं होतं. पण ओरडून त्यांना कुठे पाठवणार होते? तिथून जायला मीच जागा ठेवली नव्हती.

मग एक वयस्कर बाई आली. एक गुडघा आखडलेला. ती ठोकळ्यावर कशीबशी बसली, पण दुसरा पाय वर येईना. मी खाली वाकून तिचा घोटा दोन्ही हातांनी धरला, पाय उचलून पलीकडे नेला. पलीकडून एक बस हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली आणि तिच्या वाऱ्याने आम्ही दोघी हललो. बाईने श्वास सावरला आणि माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"कारखान्यात नवीन लागलीस का?"

"हो," मी म्हटलं.

"कुठल्या खात्यात?"

मागच्या बायका घाई करत होत्या. "मोजणीच्या," मी म्हटलं.

"मग बरं आहे की," ती म्हणाली. "आमच्या मशिनवरच्यासारखं नाही. तिथे चूक झाली तरी कुणाचं बोट जात नाही." आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती पलीकडे, गाड्यांच्या बाजूला उतरली.